शेंदराची खपली

शेंदूर किती चिवट असतो हे तो खरवडल्याशिवाय कळत नाही. वरून तो मऊ दिसतो, तेल पिऊन तकाकत असतो, बोट लावलं तर बोटाला येतो. पण खाली त्याची जी जुनी पुटं असतात ती दगडाहून दगड झालेली असतात. मला हे चौदाव्या वर्षी कळलं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही. आता लिहायला बसलोय तर हात सारखा दुसऱ्याच गोष्टींकडे वळतोय. वळू दे. आधी घर सांगतो, मग त्या दगडाकडे येतो.

ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या आळीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. घड्याळ होतं, पण ते चालत नसे आणि त्यावाचून अडतही नसे, कारण तुरुंगाचे टोल घरात स्पष्ट ऐकू येत आणि गिरणीचा भोंगा झाला की आई चुलीवरचं आधण उतरवी. तिसरा आवाज अण्णांच्या छातीतला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांना दमा होता. थंडी पडली की त्यांच्या श्वासात एक बारीक शिट्टी वाजू लागे, आणि ती शिट्टी चढली की उतरली यावर आईचा दिवस ठरे. रेशनचा मिलो, म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी, घरात येई. त्याच्या लालसर भाकऱ्या घशाखाली उतराव्यात म्हणून आई वालाचं बिरडं करी. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायचं काम माझं. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरून जरा दाबला की साल सुळकन निघते आणि आतला पांढरा दाणा उडी मारतो. या कामात माझा हात धरणारा आळीत कुणी नव्हता. वरचं काढलं की आतलं निघतं, हे माझ्या बोटांना फार लवकर ठाऊक झालं होतं.

अण्णा शाळेत चित्रकला शिकवत. ते त्यांचं पोट. जीव मात्र दगडांत. रविवारी पहाटे डबा, पाण्याची बाटली, ब्रश, कागदाची गुंडाळी आणि शाईची डबी घेऊन आम्ही बापलेक निघायचो ते येऊरच्या डोंगराकडे, नाहीतर कल्याणच्या बाजूला खाडीकाठच्या रानात. पायवाट सोडायची आणि झुडपांत शिरायचं, हा अण्णांचा नियम. वाटेवरचं सगळं कुणीतरी आधीच पाहिलेलं असतं, असं ते म्हणत. कुठे पडलेल्या देवळाचा खांब, कुठे कारवीत आडवा झालेला वीरगळ, कुठे नुसतीच चौथऱ्याची जोती. सापडलेल्या प्रत्येक दगडाचं ते चित्र काढत आणि खाली वळणदार अक्षरात लिहीत, ‘विस्मृत’. दुसरा नियम याहून कडक होता. जिथे शेंदूर आहे, फूल आहे, नारळाची करवंटी पडलेली आहे, तिथे हात जोडायचे आणि पुढे जायचं. “तो दगड विसरलेला नाही,” ते म्हणत, “तो आपला नाही.”

पण अण्णांना अक्षर सापडत नव्हतं. इतकी वर्षं फिरून त्यांच्या वहीत एकही शिलालेख नव्हता. एकदा ते मला इतिहासाच्या एका सभेला घेऊन गेले होते. तिथे कोट घातलेल्या एका गृहस्थांनी वही चाळली आणि हसत म्हटलं, “मास्तर, चित्रं झकास आहेत. पण तुमचे दगड सगळे मुकेच दिसतात!” लोक हसले. अण्णाही हसले. परतताना गाडीत त्यांच्या छातीतली शिट्टी एवढी वाढली की समोरच्या बाईने त्यांना खिडकीची जागा दिली. मी त्या दिवशी मनाशी काय ठरवलं ते मला पक्कं आठवतं. अण्णांना एक बोलका दगड आणून द्यायचा.

आमच्याकडे मोळी घालायला शुक्री यायची. येऊरच्या एका पाड्यावरची वारली बाई. पाड्याचं नाव लिहीत नाही. नवरा वारलेला, एक मुलगा. अंगाने काटकी, पण डोक्यावर तिच्याहून लांब मोळी. तिची बोली मला नीट लिहिता यायची नाही. कानात राहिली तशी लिहितो. आई मोळी चाचपून म्हणायची, “शुक्रे, आज निम्मा कुडाच भरलायस. नुसता धूर होतो गं.”

“धूर होते तं चुलीला सांग ना, बाय. तुझ्या चुलीचं तोंडच वाकडं.”

मग ती पायरीवर टेकायची, आई तिला गुळाचा खडा आणि पाणी द्यायची, आणि दोघींचं हळू आवाजात काहीतरी चालायचं. अण्णा दिसले की शुक्री ओरडायची, “मास्तर, दगडं शोधाया रानात कशाला येतंस रं? हे दोन घरात हायेत ते पुरत नाय?” यातला एक दगड आई आणि दुसरा मी. आई पदराआड हसायची. पावसाच्या सुरुवातीला शुक्री शेवळं आणायची, सोबत काकडं, म्हणजे ती खाजरी भाजी सोसवणारी आंबट फळं. त्या दिवशी आई कोलंबीचे सोडे काढायची, आणि आळीभर वास सुटायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर शुक्रीच्या घरात सून आली. जानी तिचं नाव. शुक्री पायरीवर बसून आईला कौतुकाने सांगत होती, की काल सुनेला ‘आय’कडे नेलं, तिने शेंदूर लावला, आता ती आमची झाली. मी वाल सोलत होतो. विचारलं, “आय म्हणजे कोण?”

पाड्याच्या वर रानात त्यांची देवी होती. पाड्यात येणारी प्रत्येक सून तिला तेलात कालवून शेंदूर लावायची, आणि मग आधीच्या सगळ्या सुनांच्या हातावर तिचा हात बसायचा. बायकांचीच देवी, पुरुष तिथे फारसे जात नसत. तिच्याकडे जायला वाट नव्हती. मुद्दाम नव्हती. बायका दर खेपेला नव्या बाजूने जात, झाडांच्या खुणांनी, म्हणजे गवत एका रेषेत मोडणार नाही आणि वाट पडणार नाही. वाट पडली की बाहेरचा माणूस चालत येतो, असं शुक्री म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, म्हणाली, “तू येतंस? तू काय बाहेरचा? तुला दाखवते. पण हात नाय लावायचा.”

तिने मला नेलं. तिरका वाढलेला ऐन, मग दोन उंबर, मग कोरडा ओहोळ ओलांडून एक वारूळ. वारुळापलीकडे ती उभी होती, माझ्या छातीएवढी, शेंदराने भरून गोल झालेली, नाक नाही, डोळे नाहीत, नुसता भगवा फुगवटा. शुक्री वाकली आणि तिच्याशी बोलू लागली, जशी आईशी पायरीवर बोलायची तसंच. मी मागे गुडघ्यांवर बसलो होतो. खाली, जमिनीलगत, शेंदराचा थर जरा उचलला गेला होता. नको म्हटलेलं असूनही मी तिथे बोट घातलं. दगडात एक खोल, सरळ खाच होती, तिला काटकोनात दुसरी. अण्णांच्या हाताखाली मी इतके मुके दगड चाचपले होते की बोलणारा माझ्या बोटांनी लगेच ओळखला. ते अक्षर होतं.

पुढे कैक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्या रविवारी जे झालं ते भरात झालं. ते खोटं आहे. शनिवारीच मी आईचा भाकरीचा कालथा पिशवीच्या तळाशी, कागदाच्या गुंडाळीखाली ठेवला होता.

त्या रविवारी अण्णांना चढ झेपेना. ते डोंगराच्या पायथ्याशी एका आंब्याखाली बसले आणि मला म्हणाले, “तू जाऊन ये वर, मी इथून झाडं काढतो.” मी ऐन धरला, उंबर धरले, ओहोळ ओलांडला. आजूबाजूला कुणी नव्हतं. कालथ्याची धार त्या उचललेल्या थराखाली घातली आणि दाबली. पहिल्यांदा नुसती भुकटी निघाली. मग दगडाने कालथ्यावर ठोकलं. बराच वेळ काही होईना, घाम डोळ्यांत गेला, हात सोलपटले. आणि एकदम कट्‌ असा आवाज होऊन सबंध पुढचा भाग सुटून माझ्या मांडीवर आला. पाव फणसाएवढा. त्याच्या तुटलेल्या कडेला मी पाहिलं तर आत थरावर थर, थरावर थर, काही भगवे, काही काळपट तांबडे, काही केसाएवढे बारीक. मी ते मोजू लागलो होतो. मग थांबलो.

दगड चौकोनी होता. वर चंद्र-सूर्य, मधे सात ओळी, आणि खाली एक चित्र. त्या चित्रात एक बाई होती आणि एक गाढव होतं. याहून जास्त लिहीत नाही. अशा दगडांना गद्धेगाळ म्हणतात, हे आता पुष्कळांना माहीत आहे. जुना राजा जमीन दान देई, आणि ते दान मोडणाऱ्याच्या आईला दगडावर ही शिवी कोरून ठेवी. मला तेव्हा एवढंच कळलं की हे पाहू नये. पण मी ओला कागद चिकटवला, ब्रशने ठोकून अक्षरांत बसवला, जरा सुकल्यावर शाई फिरवली. काळ्यावर पांढरी अक्षरं उठली तेव्हा मला आनंद झाला. खराखुरा, अंगावर काटा येण्याइतका आनंद. हेही लिहायलाच हवं. खपलीचे तुकडे मी ओहोळात लोटले. तळहाताएवढा एक खिशात ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही.

खाली अण्णांनी कागद उलगडला. ते बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. “हे शासन… जो कोणी मोडील… त्याची माय…” तिथे ते थांबले, माझ्याकडे पाहून खाकरले, आणि हसले. त्यांच्या छातीतून शिट्टी येत नव्हती. मग त्यांनी कागद उलटा केला. मागे भगवे डाग होते.

“हा शेंदूर कसा?”

मी म्हणालो, “शुक्रीनंच सांगितलं. काढ म्हणाली.”

एवढं एकच वाक्य. संध्याकाळी हात धुताना आईने विचारलं, “नखांत काय रे तुझ्या?” मी म्हणालो, “गेरू. चित्राचा.” रॉकेलचा बोळा घेऊन तिने माझं एकेक नख घासलं. वाकलेला कालथा तिने दुसऱ्या दिवशी स्वतः सरळ केला, आणि त्याने पुन्हा कधी भाकरी उलटली नाही.

अण्णा सरळ माणूस. एखाद्याने मदत केली तर चारचौघांत त्याचं नाव घ्यावं, असं त्यांचं वागणं. पुढच्या रविवारी नारळ आणि एक खण घेऊन, दर वीस पावलांवर थांबत, ते माझ्यासोबत पाड्यावर चढले. मी आजारी पडायचा प्रयत्न करून पाहिला होता, जमला नाही. वर गेलो तर सगळा पाडा अंगणात जमलेला. पाच दिवसांपूर्वी बायका देवीकडे गेल्या होत्या, आणि शेंदराखाली काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. मग पुरुषांनीही जाऊन पाहिलं होतं. लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसांनी पाहून दात काढले होते. कुणी केलं ते कळत नव्हतं. हे काहीच अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नारळ पुढे केला, शुक्रीला हात जोडले, आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “या बाईंमुळे आज फार मोठं काम झालं. यांनी परवानगी दिली म्हणून माझ्या मुलाला तो लेख मिळाला. मी यांचे उपकार विसरणार नाही.”

पाड्याचा भगत, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, शुक्रीकडे वळला. “तू सांगितलं?”

शुक्रीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोळीत कुडा निघाला की आई तिच्याकडे पाहायची, काहीसं तसं. मग तिने अण्णांकडे पाहिलं. ते चढून आल्याने धापा टाकत होते, हातात नारळ, चेहऱ्यावर हसू. भोवती पुरुषांच्या हातांत कोयते होते, रोजचेच, पण होते.

“होय,” ती म्हणाली. “मीच सांगितलं.”

माझं तोंड उघडलं होतं. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर आला, शाबासकीचा. मी तोंड मिटलं. तिच्यामागे झोपडीच्या दारात नवी सून उभी होती, हळदीचा रंग अजून न गेलेली, आणि ती सासूकडे कशी पाहत होती ते मी पाहिलं. नारळ कुणीच घेतला नाही. “लाजाळू आहेत ही माणसं,” उतरताना अण्णा म्हणाले.

शुक्री मोळी घेऊन पुन्हा आली नाही. पावसाच्या तोंडावर दुसरीच एक बाई शेवळं घेऊन आली. आईने शुक्रीचं विचारलं तेव्हा म्हणाली, तिला पाड्यानं टाकली. देवीकडे जायचं नाही, झऱ्यावर पाणी भरायचं नाही. पोराला-सुनेला घेऊन गेली दिवा गावाकडे, खाडीवर, विटा थापायला. आईने शेवळं घेतली. निवडली नाहीत. ती सुपातच काळी पडली. माझ्याशी ती या विषयावर मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटतं तिला सगळं कळलं होतं.

अण्णांचा लेख एका त्रैमासिकात छापून आला. त्यात शुक्रीचं नाव आहे, परवानगी देणारी बाई म्हणून, आदराने. माझं खोटं तिथे छापील आहे. कोटवाल्या गृहस्थांचं कौतुकाचं पत्र आलं. अण्णांनी ते काचेत घालून लावलं, आणि चार वर्षांनी त्याच भिंतीखाली त्यांनी प्राण सोडला. त्यांना खरं सांगण्याचे दिवस मला पुष्कळ मिळाले होते. दर वेळी वाटायचं, शिट्टी जरा उतरू दे.

मी दगडांच्या वाटेला पुन्हा गेलो नाही. कारकुनी केली, डोंबिवलीला ब्लॉक घेतला, मुलांची लग्नं केली. खपलीचा तुकडा बिस्किटाच्या डब्यात, जुन्या रेशनकार्डाखाली. गेल्या वर्षी जूनमध्ये ठाण्याच्या बाजारात शेवळं घेऊन बसलेल्या एका म्हातारीला, सहज म्हणतात तसं, विचारलं. पाड्याचं नाव घेतलं, शुक्रीचं नाव घेतलं. ती म्हणाली, “माझी सासू ती. मेली. खूप वर्षं झाली.”

आठ दिवसांनी डबा घेऊन मी वर गेलो. घोडबंदर रस्त्याला इमारतींची रांग लागली आहे, पण डोंगरावर रान अजून आहे. भगत मेल्यावर पाड्याने जानीला परत घेतलं होतं. ती ओट्यावर काकडं निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कालथ्यापासून. ती निवडायची थांबली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, “ती कधी बोलली नाय.”

मी ओट्याच्या कडेला डबा टेकवला.

“दिव्याला चिखलात उभं ऱ्हायचो. माझं पहिलं पोर तिथंच गेलं, तापानं. मी तिला बोलायची, तुझ्यामुळं. रोज बोलायची. मरायच्या दिवशी पन बोलली.” तिने एक सडकं फळ बाजूला फेकलं. “ती आयकून घ्यायची.”

मी डबा उघडून पुढे धरला. तिने तुकडा उचलला, उन्हात धरला. तो फिका पडला होता, जागोजागी तडकला होता. सगळ्यांत वरच्या थरावर तिने अंगठा फिरवला. “हे वरचं माझं,” ती म्हणाली. मग त्याच्या खालच्या थरावर नख ठेवलं.

“सुकवलंस रं,” ती म्हणाली. “येवढी वर्षं ठेवलंस तं तेल तरी लावायचं.”

ती आत गेली आणि करवंटीत तेल घेऊन आली. तुकडा माझ्या हातावर ठेवला. “लाव.”

मी ओट्याखाली बसून तेल लावलं. तुकडा ते पीत गेला. मी लावत राहिलो. कितीतरी वेळाने त्याला रंग आला. मग तिने तो माझ्याकडून काढून घेतला, पदरात बांधला आणि पुन्हा काकडं निवडायला बसली. मी विचारलं, देवी अजून तिथेच आहे का, एकदा पाहता येईल का, नुसतं लांबून.

“तिकडं वाट नाय,” जानी म्हणाली.

रात्री जेवताना बायको माझ्या हाताकडे पाहत राहिली. “अहो, नखांत काय हे तुमच्या?”

“शेंदूर,” मी म्हणालो, आणि सांगायला म्हणून ताट बाजूला सारलं.